आधी गुडघा, मग चढाई

थंडी पडली की झरी जामणीच्या गावागावांत कबड्डीचे सामने रंगतात आणि दवाखान्यात सुजलेले गुडघे येऊ लागतात. बहुतेकांनी आधीच मालिश करून घेतलेले असते, ते टाळा. वळताना ‘कट्’ आवाज होऊन काही तासांत गुडघा सुजला, तर आतला एसीएल हा अस्थिबंध तुटलेला असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. सूज उतरली म्हणून पुन्हा चढाईला गेलात, तर गुडघ्यातली गादीही फाटू शकते.

फुटबॉलपटूंसाठी तयार झालेला ‘फिफा ११+’ हा २० मिनिटांचा सराव आपल्या मंडळांनीही उचलावा: धावणे, एका पायावर तोल, उडीनंतर गुडघे आत न वळू देता उतरणे. आठवड्यातून किमान दोनदा. दुखापती घटतात, तोलही सुधारतो. मात्र मैदान खाचखळग्यांचे असेल, तर आधी ते सपाट करा.