वर्गातील तंत्रसाधने : लाभ व मर्यादा

सुरत शहराच्या नैर्ऋत्येस, तापी नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे हजीरा वसले आहे. खत, पोलाद आणि नैसर्गिक वायू यांच्या कारखान्यांमुळे हे नाव आज देशभर परिचित आहे. सुरत परिसरात उद्योगधंद्यानिमित्त खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. वर्गात यंत्राचा उपयोग कोठे करावा व कोठे करू नये, हे अशा वर्गातील एका साध्या पाठावरून समजून घेता येईल.

हा पाठ तापी नदीचा होय. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावणारी ही नदी खानदेशातून वाहत, उकाई धरण ओलांडून, सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून हजीऱ्याजवळ समुद्रास मिळते. एवढा प्रवास वर्गातील मुलांना घडविणे शिक्षकास शक्य नाही. चलचित्राच्या साहाय्याने मात्र तो पंधरा मिनिटांत घडविता येतो. याउलट, भरती-ओहोटी शिकविण्यासाठी पडद्याची आवश्यकता नाही. शिक्षकांनी मुलांना सुरक्षित काठावर न्यावे आणि पाण्याची पातळी तासातासाला नोंदवून घ्यावी. जे डोळ्यांच्या टप्प्याबाहेर आहे ते यंत्राने दाखवावे. जे हाताशी आहे ते हातानेच शिकू द्यावे.

लाभ

आपल्या देशास हा प्रयोग नवा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. १९८४ मध्ये पुणे येथे बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. ती २०१७ मध्ये बंद झाली. त्या काळी प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे व शाळेस तिच्याशी जुळवून घ्यावे लागे. आता पाठ हवा तेव्हा थांबविता येतो व पुन्हा दाखविता येतो, हा मोठा लाभ आहे. गुजरातमध्ये २०१७ पासून ‘ज्ञानकुंज’ योजनेखाली वर्गांत प्रक्षेपक व संवादी फळे आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

मर्यादा

पहिली मर्यादा भाषेची. चित्र सर्वांस समजते, निवेदन समजतेच असे नाही. गुजरातीत ‘ओट’ म्हणतात, तीच मराठीतील ‘ओहोटी’. अशा वेळी ध्वनी बंद करून शिक्षकांनी स्वतः मुलांच्या भाषेत निवेदन करणे श्रेयस्कर.

दुसरी मर्यादा निष्क्रियतेची. पडद्याकडे शांतपणे पाहणारा वर्ग शिकतो आहे असा आभास होतो. मूल स्वतः लिहीत नाही, विचारीत नाही, चुकत नाही, तोवर ज्ञान पक्के होत नाही.

तिसरी मर्यादा विषमतेची. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरात एकच दूरध्वनी होता व तो वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या घरातील मुलांचे शिक्षण खंडित झाले. तंत्रसाधनांनी शिक्षकाची जागा घेऊ नये, त्यास पूरक व्हावे, असे युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालातही बजावले आहे.

काय करावे ?

शिक्षकांनी चित्रफीत आधी स्वतः पाहावी, दर पाच मिनिटांनी ती थांबवून प्रश्न विचारावेत आणि शेवटी मुलांकडून नकाशा काढून घ्यावा. शाळा व्यवस्थापन समितीने यंत्राच्या खरेदीबरोबरच वीजबिल व दुरुस्ती यांचीही तरतूद करावी. अन्यथा यंत्र कपाटात पडून राहते. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी यंत्रे मोजण्याबरोबर मुलांच्या वह्याही पाहाव्यात. यंत्राचा खरा उपयोग किती झाला, याचा पुरावा तेथेच मिळेल.