नावाड्याची बैठक आणि पुढची काच

कोयनेचे धरण झाले आणि मागे शिवसागर जलाशय पसरला. सातारा जिल्ह्यातल्या तापोळा, बामणोली या गावांच्या काठाला आता मोटारबोटी उभ्या असतात. हौशी पाहुणे येतात. कोणी पाण्यावर नुसते फिरून येतात, कोणी वासोट्याच्या पायथ्याला उतरतात. तिकडे कोकणात मालवण-तारकर्लीलाही असेच चालते.

बांबूने होडी ढकलणारा नावाडी उभा असतो. उभ्या माणसाला चारी बाजूंचं पाणी दिसतं. मोटारबोट चालवणारा मात्र खुर्चीत बसतो. पुढे चाक, चाकापुढे काच. वारा-पाणी अंगावर येऊ नये म्हणून ती काच. पण खुर्ची आणि काच नीट जुळली नाही, तर तीच काच आडवी येते.

एकदा मी अशाच एका बोटीत बसलो होतो. चालवणारा पोरगा मोठा चलाख, पण अंगाने ठेंगणा. काचेची वरची पट्टी नेमकी त्याच्या डोळ्यांपुढे येत होती. तो कधी मान ताणून वरून बघे, कधी वाकून काचेतून बघे. समोर जाळ्याला बांधलेला प्लास्टिकचा डबा तरंगत होता. तो त्याला दिसलाच नाही. शेजारचे एक म्हातारबाबा ओरडले, "अरे, पुढं बघ पुढं!" तेव्हा कुठे बोट वळली. डबा होता म्हणून निभावलं. तिथे पोहणाऱ्या माणसाचं डोकं असतं तर?

असं का होतं? विहिरीपासून चार हात लांब जमिनीवर बसा. आतलं पाणी दिसत नाही, कठडा आड येतो. उभे राहा, पाणी दिसू लागतं. बोटीचं तसंच. बोटीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, हा आपला कठडा.

आता थोडा हिशेब करू. समजा, बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून ५ फूट उंच आहेत. नाळ आपल्यापुढे १० फुटांवर आहे आणि पाण्यापासून ३ फूट उंच आहे. मग आपल्यापासून २५ फुटांच्या आतलं समोरचं पाणी दिसणार नाही. बोटीला जोर दिला की नाळ वर उचलते. ती फक्त १ फूट उचलली, तरी न दिसणारं पाणी ५० फुटांपर्यंत जातं. ताशी ३० किलोमीटर वेगाने बोट एका सेकंदात २७ फूट जाते. म्हणजे ५० फूट संपायला दोन सेकंदही लागत नाहीत! बैठक अर्धा फूट वर घेतली, तर तेच ५० फूट ३७ वर येतात.

म्हणून आधी उंची बघावी. बोट काठाला बांधलेली असताना नेहमीसारखं ताठ बसा. काचेची वरची पट्टी डोळ्यांसमोर येता कामा नये. डोळे पट्टीच्या चार बोटं वर तरी असावेत, नाहीतर चांगले खाली, काचेतून बघता येईल असे. अधलंमधलं सगळ्यात वाईट. खुर्चीचा खांब वरखाली होत असेल तर सोपं. नसेल तर खुर्चीखाली जाड फळी घालून लांब बोल्टांनी पक्की आवळून घ्यावी. पण उगाच फार उंच करू नये, लाटेच्या धक्क्याने माणूस कलंडतो. पाय लोंबत असतील तर पायाखाली फळी द्यावी.

लाइफ जॅकेटची घडी करून त्यावर बसणारे मी पुष्कळ पाहिले. ते करू नका. आतला फोम चेपला की जॅकेटचा तरंगण्याचा गुण कमी होतो.

मग खुर्ची पुढे-मागे सरकवा. पाठ टेकलेली असताना हात चाकावर पोचावा आणि कोपर किंचित वाकलेलं राहावं. वेगाच्या दांड्यासाठी पुढे झुकावं लागू नये. सरकवून झाल्यावर खालची खिट्टी बसली का, ते खुर्ची हलवून बघा. चालत्या बोटीत खुर्ची मागे घसरली, तर हातातला दांडाही ओढला जातो. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधायची असते. ती नव्या जागेवरून ताणली जात नाही ना, तेही पाहा.

काचेचं म्हणाल तर पुष्कळ बोटींवर ती खरी काच नसतेच, प्लास्टिकची असते. कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यावर ओरखडे पडतात. मावळतीचा सूर्य समोर आला की हे ओरखडे चमकतात आणि पुढचं काही दिसत नाही. आधी गोडं पाणी ओतून धूळ आणि मीठ वाहून जाऊ द्या, मग ओल्या मऊ कापडाने पुसा. पेट्रोल किंवा स्पिरिट मुळीच लावू नका. त्याने बारीक तडे जातात. काचेवरून बघणाऱ्याने साधा चष्मा लावावा. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं की बघायचं कसं?

काही बोटींची काच मधून उघडते. वारा लागतो म्हणून पुष्कळजण ती घट्ट लावतात, वर ताडपत्रीही ताणतात. अशा वेळी मागून हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर इंजिनाचा धूरही येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बसलेल्यांचं डोकं दुखू लागतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो, "बोट लागली." कोणी असं म्हणालं तर आधी समोरची काच उघडा, ताडपत्री सोडा आणि त्या माणसाला मोकळ्या हवेत घ्या. बरं वाटलं नाही तर काठ गाठून थेट दवाखान्यात न्या.