कृश देह, साखर आणि इन्सुलिन

मधुमेह, अर्थात गावच्या बोलीतील ‘शुगर’, हा बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा रोग होय, अशी समजूत पांढुर्णा व सौंसर भागात अद्याप आढळते. पऱ्हाटीत किंवा संत्र्याच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या सडपातळ माणसास आपण त्यापासून सुरक्षित आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते खरे नाही.

जेवणातील पिष्टमय पदार्थांची साखर होऊन ती रक्तात उतरते. त्याच वेळी जठरामागील स्वादुपिंडातून इन्सुलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. सुगीचे धान्य कणगीत भरावे, त्याप्रमाणे त्याच्या योगाने ही साखर स्नायूंत व यकृतात साठविली जाते आणि गरजेहून अधिक अन्नाची चरबी बनते. दोन जेवणांच्या मधल्या काळात इन्सुलिन उतरले म्हणजे शरीर ती चरबी वापरू लागते. स्नायूंची झीज रोखणे हेही इन्सुलिनचेच कार्य होय. मात्र स्नायू वाढतात ते अंगमेहनतीने आणि डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिनांनी. बळ वाढविण्यासाठी निरोगी तरुणाने इन्सुलिन टोचून घेतल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते.

जेवणानंतरच्या साखरेची सर्वांत मोठी कणगी म्हणजे स्नायू. तीच लहान असेल तर? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तीही भाकरी खाऊन शेती करणाऱ्यांचीच गावे. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. या बालकांच्या अंगी स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते, दोघांचेही उंचीच्या मानाने वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यास हा भेद कळत नाही. पोटात व यकृतात चरबी साचली की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडते आणि ते थकल्यावर रक्तातील साखर वाढते.

काही बालकांत इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशी मुले भरपूर खाऊनही खंगत जातात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला प्रथम इन्सुलिन देण्यात आले. तोवर या रोगातून वाचण्याची आशा नव्हती. उपचारानंतर अशा मुलाचे वाढणारे वजन म्हणजे झिजलेले अंग भरून येणे होय. त्यास सूज समजून किंवा ‘सुईची सवय लागेल’ या भीतीने इन्सुलिन बंद करणे प्राणघातक ठरते.

तीस वर्षांवरील प्रत्येकाने, तो कितीही सडपातळ असो, प्राथमिक स्वास्थ्य केंद्रात रक्तातील साखर तपासून घ्यावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये. शिंप्याच्या फितीनेही तो घरी मोजता येतो.