इंजिन नसलेली गाडी

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव. गोंदियाहून चांदाफोर्टला जाणारी मोठी लाईन आणि नागपूरहून येणारी छोटी लाईन इथे भेटायची. 1908 साली सुरू झालेली ती नॅरोगेज 2019 च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली. तोवर अडीच फुटी रुळांवरून डबे डुलत डुलत नागपूर गाठायचे. अशा गावातली पोरं सहलीला आठशे किलोमीटरहून दूर खोपोलीला जातात आणि इमॅजिका या मनोरंजन उद्यानातल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरसमोर उभी राहतात, तेव्हा ते यंत्र त्यांना परग्रहावरचं वाटत असेल. पण त्याची वंशावळ काढली तर ते निघतं रेल्वेचंच, त्यातही कोळशाच्या रेल्वेचं. म्हणजे चंद्रपूरकरांना चांगलंच जवळचं.

अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या मॉक चंक इथे 1827 मध्ये डोंगरावरच्या खाणीतला कोळसा खाली आणण्यासाठी उतरते रूळ टाकले गेले. गाड्यांना इंजिन नव्हतं; उतारच त्यांना खाली न्यायचा. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं होती आणि गंमत म्हणजे ही खेचरंही खाली येताना गाडीत बसूनच यायची! पुढे कोळशाला दुसरा मार्ग मिळाला आणि या रुळांवरून माणसं पैसे मोजून घसरू लागली. त्याआधी रशियात बर्फाच्या घसरगुंड्या होत्या, 1817 मध्ये पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्याही उतारावरून सुटल्या होत्या. मात्र धंदा म्हणून हा खेळ रुजवला तो लामार्कस थॉम्पसनने. 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर त्याने लाकडी ‘स्विचबॅक’ उभी केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. आपली छोटी लाईन त्याहून जोरात धावायची.

लाकडाची अडचण अशी की ते हवं तसं वाकत नाही. 1959 मध्ये डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’साठी ॲरो कंपनीने पोलादी नळीचा रूळ वापरला, आणि हा खेळच बदलला. नळी उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, कशीही वळवता येते. पीळसुद्धा देता येतो. गाडीची चाकं या नळीला तिन्ही बाजूंनी धरतात: एक संच वरून धावतो, दुसरा बाजूने टेकतो, तिसरा खालून. खालून धरणाऱ्या चाकाची कल्पना जॉन मिलरने लाकडी रुळांच्या काळातच, 1919 मध्ये, काढली होती. गाडी उसळली तरी रूळ सोडत नाही, ती त्या खालच्या चाकामुळे.

खरी कसोटी होती गाडी उलटी करण्याची. 1895 मध्ये कोनी आयलंडवरच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचं कडं उभं राहिलं. ते अगदी गोल होतं आणि तिथेच चूक होती. गोल कड्याच्या माथ्यावरून गाडी जेमतेम निसटेल एवढा वेग ठेवला, तरी तळाशी माणसाला आपल्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो, हे साधं गणित आहे. शिवाय सरळ रुळावरून गोलात शिरताना हा दाब हळूहळू न वाढता एका क्षणात आदळतो. लोकांच्या माना लचकू लागल्या. पुढची अनेक वर्षं बहुतेकांनी कड्याचा नाद सोडला.

उत्तर सापडलं 1976 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’वर. जर्मनीच्या अँटन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगल यांनी कड्याला पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला: तळाशी ऐसपैस वळण, माथ्याकडे ते घट्ट होत जाणारं. खाली वेग जास्त तर वळण मोठं, वर वेग कमी तर वळण लहान; दाब झेपेल एवढाच राहतो. सरळ मार्गावरून वळणात हळूहळू शिरण्याची ही युक्ती रेल्वेचे अभियंते कितीतरी आधीपासून वापरत होते. त्यांनी ती आडवी वापरली, श्टेंगलने उभी केली, एवढंच.

महाराष्ट्रात मोठ्या राइडची हौस 1989 पासून गोराईच्या एस्सेलवर्ल्डने भागवली. 2013 मध्ये मनमोहन शेट्टी यांनी खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं; 2022 पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिथली ‘नायट्रो’ स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीची. उंची सुमारे 40 मीटर, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढी. गाडी पाच वेळा उलटी होते. या जातीची पहिली गाडी 1999 मध्ये न्यू जर्सीत धावली. तिचं वैशिष्ट्य असं की डब्याला तळच नसतो. माणसं बसली, खांद्यावरचे दांडे खाली आले, की फलाटाची जमीन पायाखालून सरकते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. मग साखळी गाडीला वर ओढू लागते. चढावरची ती ‘खट्-खट्’ अनेकांना धडकी भरवते. पण तो आवाज भिण्यासारखा नव्हे. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून खाचांमध्ये अडकत जाणाऱ्या खिट्टीचा तो आवाज असतो.

माथ्यावर साखळी सुटली की पुढे ढकलणारं काहीच नाही. 40 मीटर उंचीवरून घर्षणाशिवाय खाली आलेली कुठलीही वस्तू ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते; तीच पुंजी शेवटपर्यंत पुरवायची. म्हणून पुढचा प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा साधारणपणे ठेंगणा होत जातो.

सुरक्षेचा मूळ नियम नागभीडच्या स्टेशन मास्तरांना समजावून सांगावा लागणार नाही. अख्खा मार्ग ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा नसेल तर संगणक मागच्या गाडीला ब्रेकवर धरून ठेवतो. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेकही बहुधा असे रचतात, की दाब गेला तर ते सुटत नाहीत, आवळतात. आगगाडीचंही तेच तत्त्व.

मार्कंड्याच्या किंवा चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेत आकाशपाळणा येतो, मोटरवर फिरणारी ड्रॅगनची गाडी येते. असलं कडं का येत नाही? तंत्र आडवं येतं म्हणावं, तर तसं नाही. याच श्वार्झकॉफने 1989 मध्ये ‘ऑलिम्पिया लूपिंग’ नावाची पाच कड्यांची पोलादी गाडी खास जत्रांसाठी बनवली. ती सुटी करून म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला नेतात, जोडतात आणि जत्रा संपली की पुन्हा उतरवतात. अडतं ते हिशेबापाशी. शेकडो टन पोलाद वाहून आणायचं, जोडायचं, तपासायचं, तर निदान पंधरा दिवस लाखोंची गर्दी आणि तिकिटाला युरोपातला दर हवा. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत तो खर्च निघणार कुठून?