डॉक्टर म्हणाल्या, बाळ जरा मोठं आहे

आजचं बोलणं आहे ते ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी. बाळंतपणाला इकडे येणाऱ्या आयांनी आणि सासूबाईंनीही जरूर ऐकावं.

छत्तिसावा आठवडा. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टरीणबाई म्हणतात, ‘एट्वास ग्रोस’, जरा मोठं आहे. पुढचं जर्मन डोक्यावरून जातं. मुटरपासमध्ये एक आकडा लिहिला जातो आणि तुम्ही घरी येता. मग पुण्याला फोन. आई म्हणते, ‘छान की, गुटगुटीत आहे!’ मागून मावशीचा आवाज येतो, ‘अगं, मग आता सिझरच करतील.’ झालं, त्या रात्रीची झोप गेली.

तर आधी तो आकडा काय आहे ते बघू. सोनोग्राफीत बाळाला तराजूत घालता येत नाही. डोकं, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात आणि सूत्रात घालून वजन काढतात. सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र हॅडलॉक या अमेरिकी डॉक्टरांचं, १९८०च्या दशकातलं. हा अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे कागदावर ४००० ग्रॅम असेल, तर बाळ प्रत्यक्षात ३६०० ग्रॅमचं असू शकतं किंवा ४४०० ग्रॅमचं. ३६०० ग्रॅमचं बाळ जर्मनीत अगदी नेहमीचं. आणि बाळ जितकं मोठं, तितका हा अंदाज जास्त डळमळतो.

दुसरा घोळ आपल्याकडचा. भारतात पावणेतीन-तीन किलोचं बाळ म्हणजे सर्वसाधारण. इथे सरासरी साडेतीन किलोच्या आसपास जाते. त्यामुळे ३७००चा आकडा ऐकून मावशी हबकते, आणि इथली हेबामे, म्हणजे सुईण, मान हलवून पुढच्या बाईकडे वळते. डॉक्टर ‘मोठं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दोनपैकी एक माप असतं. एक, जन्मवजन चार किंवा साडेचार किलोच्या वर जाईल असा अंदाज. दुसरं, त्या आठवड्याच्या शंभर बाळांत नव्वदांपेक्षा मोठं. यातलं कोणतं माप त्यांनी लावलं, हे विचारून घ्या. ‘वेल्शं पर्झेंटिलं?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

मोठं बाळ होण्याची कारणं बरीच साधी असतात. आईवडील उंच, दुसरं-तिसरं मूल, मुलगा असणं, तारीख उलटून जाणं. यात काळजी करण्यासारखं काही नाही. पण एक कारण असं आहे की जिथे आपण भारतीयांनी कान टवकारायला हवेत, ते म्हणजे गरोदरपणातली साखर.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही जरा खाली होती. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ती ताडून पाहिली तेव्हा कळलं की आपली बाळं सगळीकडून बारीक नाहीत. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. आपल्या वंशात मधुमेहाकडे कल आहे तो मोठेपणीच सुरू होतो असं नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे कोणी जाड नाही, मला कशाला होईल साखर’ हे म्हणणं आपल्या बाबतीत टिकत नाही.

साखर आणि बाळाचं वजन यांचा संबंध समजायला सोपा आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन तयार करतं आणि ते चरबी साठवत राहतं. ही चरबी पोटावर आणि खांद्यांवर जास्त चढते. म्हणूनच अशा बाळाच्या सोनोग्राफीत डोक्याच्या मानाने पोटाचा घेर पुढे गेलेला दिसतो. नुसत्या मोठ्या बाळात आणि साखरेने मोठ्या झालेल्या बाळात हा फरक आहे. तुमच्या डॉक्टरांना पोटाच्या मापाबद्दल थेट विचारा.

जर्मनीत ही तपासणी २०१२पासून सगळ्या गरोदर बायकांसाठी आहे आणि सरकारी क्रांकेनकासं तिचा खर्च उचलते. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ५० ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात, उपाशीपोटी असण्याची गरज नाही. तासाभराने साखर १३५ किंवा त्याहून जास्त आली, तर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ७५ ग्रॅमची मोठी तपासणी. तिच्यात उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एक आकडा जरी गाठला तरी निदान होतं. भारतात पद्धत वेगळी आहे. तिथे बहुतेक ठिकाणी खाल्लेलं असो-नसो, एकदाच ७५ ग्रॅम देतात आणि दोन तासांनी १४०ची रेघ बघतात. त्यामुळे नागपूरच्या वहिनीच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नका, दोघींना उगाच घोर लागतो. घरात आईवडिलांना मधुमेह असेल किंवा आधीचं बाळ मोठं झालं असेल, तर पहिल्या भेटीतच सांगा. लहान तपासणीत उपाशीपोटीची साखर कळत नाही, म्हणून थेट ७५ ग्रॅमची मागितली तरी चालते.

आता एक गंमत बघा. हे आठवडे आणि डोहाळजेवणाचा सातवा महिना अगदी हातात हात घालून येतात! पुरणपोळी, जिलबी, बासुंदी, आणि दोन जिवांची म्हणून प्रत्येकीचा आग्रह. डोहाळजेवण नक्की करा, हिरवी साडी नेसा, फुलांचे दागिने घाला. फक्त तपासणी आधी उरकून घ्या.

साखर निघालीच, तर घाबरून जेवण सोडू नका. बाळाला उपाशी ठेवून वजन आवरत नाही. इथे बोटाला टोचून घरी मोजायचं मशीन देतात. उपाशीपोटी ९५च्या खाली, खाल्ल्यावर तासाने १४०च्या खाली, असं साधारण लक्ष्य असतं. सकाळी साखर सगळ्यांत लवकर चढते, म्हणून पोह्यांची मोठी ताटली किंवा जॅम लावलेलं ब्रोट्शन, दोन्ही सारखेच महागात पडतात. थोड्या पोह्यांबरोबर अंडं किंवा मटकीची उसळ घेतली तर फरक मशीनवरच दिसतो. साबुदाण्याची खिचडी मात्र बाळंतपणानंतरच्या एकादशीला. आणि फळांचा रस, मग तो कितीही ‘बायो’ असो, साखरच आहे. जेवून वीस मिनिटं चाललं तर चांगलाच उपयोग होतो. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं, काहींना इन्सुलिन लागतं. इन्सुलिन लागलं तर नवजात बालकांचा विभाग असलेलं रुग्णालय निवडायचं, हे लक्षात ठेवा.

मोठ्या बाळाची खरी भीती कशाची? डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, याची. शंभर बाळंतपणांत साधारण एकदा किंवा त्याहून कमी वेळा हे होतं, आणि त्यातली निम्मी बाळं चार किलोच्या आतली असतात. म्हणजे नुसतं वजन बघून सगळं टळत नाही. जर्मन कायद्याने प्रत्येक बाळंतपणाला सुईण हजर असावी लागते, आणि आईचे पाय पोटाकडे जोरात दुमडून खांदा मोकळा करण्याचं शिक्षण तिला असतं. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

मग सिझर का नाही करून टाकायचं? १९९६ साली अमेरिकेत हा हिशेब मांडला होता. मधुमेह नसलेल्या बायकांत, अंदाजे वजन साडेचार किलोच्या वर असताना, बाळाच्या हाताची एक कायमची इजा टाळायला ३६९५ सिझर करावी लागतील. मधुमेह असेल तर ४४३. किती फरक आहे बघा! म्हणून मधुमेह असताना अंदाज ४५०० ग्रॅमच्या वर गेला, तर सिझरचा सल्ला देतात. मधुमेह नसताना तसा सल्ला लगेच मिळत नाही, आणि माझ्या मते मिळूही नये.

तिसरा पर्याय कळा लवकर आणण्याचा, ‘आइनलाइटुंग’चा. ब्रिटनमध्ये १०६ रुग्णालयांत २८९३ बायकांवर यासाठी चाचणी झाली, ती २०२५मध्ये प्रसिद्ध झाली. अडतिसाव्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात खांदा अडकला २.३ टक्के, नेहमीच्या गटात ३.१ टक्के. नेहमीच्या गटातल्याही अनेकींना लवकर कळा आणाव्या लागल्या होत्या, म्हणून हा फरक ठामपणे खरा म्हणता आला नाही. ठरल्याप्रमाणेच सगळं झालेल्या बायकांत फरक जास्त दिसला. थोडक्यात, हा पर्याय अविचारी नाही आणि सक्तीचाही नाही. ३५-३६व्या आठवड्यात रुग्णालयात होते त्या ‘गेबुर्ट्सप्लानुंग’च्या भेटीला नवऱ्याला आणि प्रश्नांचा कागद, दोघांनाही घेऊन जा. थांबलो तर काय, कळा आणल्या तर काय, पुढच्या बाळंतपणावर काय परिणाम, हे तिघंही बसून बोला.

आईच्या तिकिटाचंही याच भेटीनंतर बघा. तिला इथे राहायला ९०च दिवस मिळतात, आणि कळा अडतिसाव्या आठवड्यात आणायचं ठरलं तर चाळिसाव्याच्या हिशेबाने काढलेलं तिकीट चुकतं.

बाळ आल्यावर, तुम्हाला साखर असेल तर पहिल्या काही तासांत त्याच्या टाचेतून रक्त घेऊन साखर बघतात. आतलं इन्सुलिन अजून जोरात असतं आणि वारेचा पुरवठा थांबलेला असतो, म्हणून ती उतरू शकते. बाळाला लवकरात लवकर छातीशी घ्या. आणि सहा ते बारा आठवड्यांनी तुमची ७५ ग्रॅमची तपासणी परत करायची असते. रात्रीची जागरणं चालू असतात, आईने आणलेला डिंकाच्या लाडवांचा डबा समोर असतो, म्हणून ती हमखास राहून जाते. दवाखान्यातून घरी यायच्या आधीच तिची तारीख घेऊन ठेवा.