ओल्या इंजिनातला करंट जातो कुठे?

पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या पनवेलमध्ये पावसाळ्याचे चार महिने हवेतली ओल हटत नाही, आणि नेरे-वाजेमार्गे धोदाणीकडे, गाढी नदीच्या वरच्या खोऱ्यात शिरणाऱ्या गाड्यांना तर पाऊस डोक्यावरून आणि ओहोळ चाकाखालून असे दोन्हीकडून भिजवतात. जुन्या पेट्रोल जीप आणि जिप्सी अशा वेळी ‘मिस मारू’ लागतात, म्हणजे चारांपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, इंजिन थरथरते, चढावर दम टाकते आणि कधी बंदच पडते; तासाभराने इंजिन वाळले की तीच गाडी काही घडलेच नाही अशी सुरू होते. दोष गेला असे समजण्याची चूक नेमकी इथे होते, कारण वाळल्याने दोष फक्त झाकला जातो.

हे समजण्यासाठी करंटची वाट पाहावी लागते. चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केलेल्या आणि पुढे अनेक दशके जगभर चाललेल्या पद्धतीत बॅटरीचा अल्प दाबाचा प्रवाह कॉईलमधून वाहतो, ‘पॉइंट’ नावाची यांत्रिक कळ उघडताच तो एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यातून कॉईलच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात कित्येक हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो. तिथे फिरणारा रोटर तो ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो, आणि प्लगच्या टोकाशी पाऊण मिलिमीटरच्या आसपासची फट ओलांडताना ठिणगी पडते. विजेला मात्र ही फट ओलांडण्याची हौस नसते. कॅपच्या किंवा वायरीच्या पृष्ठभागावरून इंजिनाच्या धातूपर्यंत सोपी वाट मिळाली, की ती तिकडेच वळते.

ती सोपी वाट पाणी एकटे तयार करत नाही. शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक असते. धूळ, तेलाची काजळी आणि विशेषतः क्षार त्यात मिसळले की त्याच्या पातळ थरातून वीज गळू लागते. भरतीचे पाणी आत येणाऱ्या पनवेलच्या खाडीवरून वाहणारी खारी हवा आणि महामार्गावरची धूळ वर्षभर बॉनेटखाली बसत राहते, आणि पहिल्या पावसात हाच थर ओला होतो. त्यामुळे पाण्यातून गेलेली स्वच्छ गाडी चालत राहते आणि नुसत्या दमट सकाळी मळकी गाडी अडते, यात नवल नाही. गळती बराच काळ चालली, तर कॅपच्या आतील प्लॅस्टिक जळून पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेषा उमटते. ही रेषा स्वतःच कार्बनची, म्हणजे वाहक असते. ती फडक्याने पुसून जात नाही, आणि घासून काढली तरी परत उमटते.

गाडी केव्हा अडते, हे विचारल्याशिवाय हत्यार हाती घेऊ नये. जागेवर इंजिन ठीक चालते पण चढावर मिस मारते, याचा अर्थ असा की भार वाढल्यावर सिलिंडरमधील दाब वाढतो, फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात आणि तेव्हाच वीज दुसरी वाट धरते. फरशी पुलावरून जाताच इंजिन गडबडते, तेव्हा रेडिएटरमागचा पंखा पाणी उचलून डिस्ट्रिब्युटरवर फेकत असण्याची शक्यता मोठी. पाण्याशी संबंध नसूनही रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे सुरू होत नसेल, तर कॅपच्या आत दव साचले असावे.

डिझेल जीपला हे प्रकरण लागू नाही, कारण तिथे दाबाने तापलेली हवाच इंधन पेटवते, ठिणगीची गरज नसते; भिजलेला एअर फिल्टर आणि इंधनात मिसळलेले पाणी हीच तिथली पाहण्याची ठिकाणे. मात्र हवेच्या नळीतून पाणी आत गेले तर धोका डिझेललाच अधिक. ५०० घनसेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये हवा २० पटीने दाबली जात असेल, तर दट्ट्या वर पोहोचल्यावर उरलेली जागा जेमतेम २६ घनसेंटिमीटर असते, आणि त्याहून थोडे जास्त पाणीही कनेक्टिंग रॉड वाकवते. म्हणून इंजिन प्रवाहातच बंद पडले, तर स्टार्टर पुन्हा मारू नये.

पेट्रोल इंजिनाची खरी तपासणी उन्हात होत नाही. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हात, कपडे आणि बाटली वायरी व पंख्यापासून दूर राखून, फवाऱ्याच्या बाटलीतले साधे पाणी प्लगच्या टोपणापासून सुरुवात करून वायरींवर, मग कॅपवर, शेवटी कॉईलवर असे एकेका जागी शिंपडत जावे. जिथे निळी रेघ चमकते किंवा तडतड ऐकू येते आणि त्याच क्षणी इंजिनाचा ताल बिघडतो, ती गळतीची जागा. सगळीकडे एकदम पाणी मारले, तर हाती काहीच लागत नाही. तडा गेलेली वायर, रेषा उमटलेली कॅप आणि झिजलेला रोटर बदलावा, वायरी धातूला टेकणार नाहीत अशा बांधाव्यात, प्लगच्या रबरी टोपणात सिलिकोन ग्रीस भरावे. पाणी हटवणारा फवारा तात्पुरता उपयोगी पडतो, पण पुढच्या ओढ्यापर्यंतच.

काही जण कॅप सगळीकडून सिलिकोनने लिंपून टाकतात, ते मात्र घातक आहे. कॅपच्या आत ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो, तो धातू गंजवतो. शिवाय तापलेली कॅप थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकुंचन पावते आणि बारीकशा फटीतून ओल आत खेचली जाते. १९५० पासून अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या एम-३८ जीपमध्ये २४ व्होल्टची जलरोधक प्रज्वलन व्यवस्था होती. तिचा डिस्ट्रिब्युटर पूर्ण बंदिस्त असूनही त्याला हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्या जोडलेल्या असत. साध्या कॅपला किंवा तिच्या बुडाला हवेसाठी बारीक छिद्र असेल, तर त्याचे कामही तेच; चिखलाने किंवा ग्रीसने ते बुजले असेल, तर आधी ते मोकळे करावे आणि मगच कॅप बसवावी.