भिंत वस्तीची, कला विद्यार्थ्यांची

हैदराबादमधील नामपल्लीच्या सार्वजनिक उद्यानात राज्य पुरातत्त्व वस्तुसंग्रहालय आहे. तेथील एका दालनात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती ठेवलेल्या आहेत. अजिंठ्याची लेणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती आणि मराठवाडाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. भिंतीवरील चित्रातून त्या काळचे लोकजीवन कसे बोलते, हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना समजावून देण्यास हे दालन उपयुक्त आहे.

सार्वजनिक कलेच्या शिक्षणाचा आरंभ मात्र लोकांचे म्हणणे ऐकण्यापासून व्हावयास हवा. तेलंगणातील चेरियाल येथील नक्काशी चित्रकार हाच मार्ग अनुसरीत. कापडाला चिंचोक्याची खळ व पांढरी माती लावून ते लांब पट तयार करीत. ज्या समाजापुढे कथा सांगावयाची, त्याचीच उत्पत्तिकथा पटावर रंगविली जाई. आपल्याकडील पिंगुळीची चित्रकथी याच जातकुळीतील होय.

नामपल्लीसारख्या ठिकाणी विषयांची उणीव नाही. येथे रेल्वेस्थानक आहे, दर्गा आहे. १९३८ साली सार्वजनिक उद्यानात सुरू झालेले ‘नुमाइश’ हे प्रदर्शन १९४६ पासून येथील मैदानावर भरते. विद्यार्थ्यांनी हमाल, दुकानदार व वृद्ध रहिवासी यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून टिपणे घ्यावीत. त्यांवरून दोन-तीन कच्चे आराखडे करून ते वस्तीसमोर मांडावेत. लोकांनी सुचविलेला बदल आराखड्यात दिसला पाहिजे.

यानंतर भिंतीच्या मालकाची व आवश्यक तेथे महानगरपालिकेची लेखी परवानगी घ्यावी. पावसाळा संपल्यावर भिंतीची ओल तपासावी, सुटलेला चुना खरवडावा व अस्तर द्यावे. आराखड्यावर चौकटी आखून त्याच प्रमाणात भिंतीवर मोठ्या चौकटी आखल्यास चित्र बिनचूक वाढविता येते. रंग बाहेरच्या भिंतीसाठीचाच वापरावा. उंचीवरील काम प्रौढ व्यक्तींकडे सोपवावे.

वस्तीला विश्वासात न घेता काढलेले चित्र तिला परके वाटते. त्यावर जाहिराती चिकटविल्या जातात आणि मुलांचे श्रम वाया जातात. त्याहून मोठी हानी अशी की, ज्यांचे जीवन रंगविले त्यांचे मत विचारण्याची गरज नसते, असा चुकीचा धडा मुले शिकतात. २०१६ साली हुसेनसागराजवळच्या मक्ता वस्तीत घरांच्या भिंतींवर मोठी चित्रे काढण्यात आली. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना अवश्य न्यावे आणि चित्रांबरोबरच तेथील रहिवाशांचे मतही ऐकू द्यावे.

ग्रामीण शाळांनाही ही पद्धत अवलंबिता येईल. चावडी, पाणवठा किंवा शाळेची भिंत त्यासाठी पुरेशी आहे. गुणदान करताना शिक्षकांनी रेखाटनाइतकेच महत्त्व टिपणांना व लोकांशी झालेल्या चर्चेला द्यावे. चित्राच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हेही रंगकाम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.